तुमच्या पाण्यात डाळ शिजते का?

साळवेमामा कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चहाचा कप हातात यायच्या आधी विचारायचे, "तुमच्या पाण्यात डाळ शिजते का?" पुतण्यासाठी सिन्नरकडे मुलगी बघायला गेले, तिथेही विचारलं. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुणा आपल्या चुलीची परीक्षा घेतोय. त्यांचा चेहराच उतरला. मुलगी मात्र चलाख होती. ती म्हणाली, "विहिरीच्या पाण्यात शिजते. बोअरच्या पाण्यात दाणा तसाच राहतो." मामांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि निघताना त्या विहिरीचं पाच लिटर पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. लग्न झालं, संसार सुखाचा चाललाय. पाणी गाडीत गेलं.

मामा आमच्या हॉस्पिटलच्या अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. हॉस्पिटल नाशिक रोडला, एका ट्रस्टचं, चाळीस खाटांचं, आणि मी तिथे स्टाफ नर्स. हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून वॉचमनपर्यंत सगळेच मामा असतात, पण नुसतं 'मामा' म्हटलं की साळवेच समजायचं. बाकीच्यांना आडनाव लावावं लागे. घर देवळाली कॅम्पला. फौजेच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त करून आलेले. कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, खांद्यावर फडकं आणि गाडीच्या खणात एक स्टीलची पळी.

ही पळी म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. नवीन पाणी मिळालं की ते पळीत घ्यायचे, आमच्या ड्रेसिंगरूममधल्या स्पिरिटच्या दिव्यावर धरायचे आणि पार आटू द्यायचे. मग तळाला उरलेला पांढरा डाग माझ्या नाकासमोर आणायचे. "बघा सिस्टर. हे इंजिनाच्या नसांत बसतं. तुमच्या पेशंटच्या नसा बुजल्या की तुम्ही त्याला मुंबईला पाठवता. माझ्या पेशंटला मी कुठं पाठवू?"

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. तेव्हा बहुतेक ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हाताला लागेल ते पाणी ओतायचे. हापशाचं, टपरीवरच्या पिंपातलं, एकदा तर मी एकाला चहाचं भांडं विसळलेलं पाणी ओतताना बघितलंय. मामांचं तसं नव्हतं. त्यांना ते हिरवं कूलंटच लागे, आणि त्यात निम्मं पाणी, तेही निवडलेलं. सेक्रेटरीसाहेब एकदा म्हणाले, "एवढं महागाचं औषध आणून देतो, मग पाण्याचे कसले नखरे?" मामा म्हणाले, "साहेब, कूलंट ही मात्रा झाली. पाणी हे तिचं अनुपान. वैद्यानं मधातून घे सांगितलेली मात्रा तुम्ही ताकातून घ्याल का?" साहेबांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचलेली माणसं ते विसरत नाहीत.

पाण्याची त्यांनी प्रतवारीच लावली होती. पहिला मान आमच्या लॅबमधल्या यंत्रातून थेंब थेंब गळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरला. ते नसेल तर पावसाचं, स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं. तेही नसेल तर नळाचं, उकळून, निवळून. हॉस्पिटलच्या बोअरचं मात्र कधीच नाही. मुंबईच्या रस्त्यावरचं एकेक पाणी त्यांना पाठ होतं. विल्होळीचा हापसा बाद. वाडीवऱ्ह्याची एक विहीर पास. घोटीच्या पुढे भाताच्या गिरणीला लागून हिराबाईचं घर होतं, तिच्या हापशाचं पाणी नापास. मामांनी तिच्या तोंडावर तसं सांगितलं होतं, तेव्हापासून ती गाडी दिसली की ओट्यावरून ओरडायची, "मामा, आमच्यात डाळ नाय शिजत बरं का."

मला त्यांचा रागही यायचा, खोटं कशाला सांगू. पेशंट स्ट्रेचरवर, नातेवाईक रडतायत, डॉक्टर घड्याळ बघतायत आणि हे बॉनेट उघडून टॉर्चने पाण्याची पातळी बघतायत. मी खेकसले की शांतपणे म्हणायचे, "दोन मिनिटं इथं घालवतो सिस्टर, नाहीतर दोन तास वाटेत जातील." मी मनात म्हणायचे, पाणी ते पाणी. पुढे घडलं त्याचं मूळ माझ्या या मनातल्या म्हणण्यात होतं.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी मामा चार दिवस सुट्टीवर गेले. जाताना मला बजावून गेले, "बदलीचा ड्रायव्हर आहे, नवीन आहे. पाणी कमी झालं तर लॅबचंच द्या. बोअरचं घालू देऊ नका." नेमकी लॅबच्या यंत्राची कॉइल जळाली होती आणि मामांचा कॅन रिकामा. बदलीचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "सिस्टर, पाणी कमी दिसतंय, कुठलं घालू?" माझी अक्कल तेव्हा चांगलीच धावली. सलाइनच्या कपाटाची चावी माझ्या कमरेला. आत मुदत उलटलेल्या तीन बाटल्या फेकायला काढलेल्या होत्या. सीलबंद, निर्जंतुक, काचेसारखं स्वच्छ पाणी. जे माणसाच्या शिरेत चालतं ते गाडीला चालणार नाही? मी स्वतः गेले, इंजिन गार असल्याची खात्री केली आणि तिन्ही बाटल्या स्वतःच्या हातांनी ओतल्या. मला तर वाटलं, मामा खूश होतील.

मामा आले, पातळी बघितली आणि विचारलं, "पाणी कोणी घातलं?"

"मी. एकदम स्वच्छ होतं," मी म्हणाले.

"शाब्बास," ते म्हणाले, आणि विषय संपला.

पंधरा दिवसांनी त्यांनी बदलीच्या ड्रायव्हरला माझ्यासमोरच धडा दिला. खाडीकाठच्या गाड्या लवकर का मरतात, ते सांगत होते. "मीठ. मिठाएवढा वैरी नाही. कूलंट कितीही भारी घाला, पाण्यात मीठ असलं की ते आतून टाके खातं. आपला रेडिएटर जुना, दोन टाके मारलेला. त्याला तर चिमूटभर पुरे." ड्रायव्हरने मान डोलावली. तीन बाटल्यांत काय होतं याचा त्याला पत्ता नव्हता. मला होता. माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मेट्रन कडक, मुदत उलटलेला माल नोंद करून फेकायचा असा नियम, आणि त्याहून मोठी माझी खोड म्हणजे हसं होण्याची भीती. शिकलेली नर्स, मीठपाणी ओळखता आलं नाही. मी हिशोब केला की मामा दर जूनच्या आधी रेडिएटर धुऊन नवीन कूलंट भरतात, तेव्हा सगळं वाहून जाईल. दीड महिनाच तर काढायचा होता.

मे महिन्यात एक बाळ आलं, दोन दिवसांचं. छातीत जन्मतः दोष होता, ऑपरेशन मुंबईलाच होणार होतं. बाप तरुण, गंगापूरकडे झेंडू आणि शेवंती लावणारा. बाळाची आई आमच्याच वॉर्डात टाके घालून पडलेली. बाळाला स्वतःचा श्वास पुरत नव्हता. ऑक्सिजन लावलेला छोटा रबरी फुगा मी हाताने दाबत राहायचा, एका लयीत, मुंबई येईपर्यंत. सिलिंडर एकच. डॉक्टर निघताना म्हणाले, "मुंबईपर्यंत पुरेल, वर फार तर अर्धा तास. वाटेत कुठे थांबू नका." मामांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं घेतलीच. मी त्या दिवशी खेकसले नाही. पातळी बरोबर आहे म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं.

घोटी सोडली आणि मामा एकदम गप्प झाले. एरवी पाणवठे मोजत जाणारा माणूस गप्प झाला की समजायचं. मागून मला समोरचा काटा दिसत होता. तो चढत होता. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मामांनी इंजिन बंद केलं आणि उताराचा फायदा घेत गाडी तशीच घरंगळत नेली, ती बरोबर भाताच्या गिरणीपाशी उभी केली. दुपारचं ऊन होतं, रस्ता तापलेला. मी फुगा दाबत होते.

बाप उडी मारून उतरला. "पाणी ओता ना लवकर. समोर हापसा हाय."

"आत्ता नाही," मामा म्हणाले. "तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर लोखंड तडकतं. मग गाडी इथंच राहील. वीस मिनिटं थांबायचं."

"वीस मिनिटं? माझं पोरगं मरंल तोवर."

तो बॉनेटकडे धावला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मामांनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा आवाज वाढला नाही. "झाकण उघडलंस तर उकळतं पाणी तोंडावर येईल. तू भाजशील, पाणीही जाईल. सिस्टरकडे बघ. ती काय करतेय? नुसतं एक काम करतेय. तू पण एक काम कर. ट्रक थांबव, कोणाकडे मोठी गाडी असेल तर विचार."

तो रस्त्यावर गेला. दोन ट्रक थांबले, पण केबिनमध्ये माणसं भरलेली, तिथे सिलिंडर आणि फुगा घेऊन मी मावणार नव्हते. मामांनी झाकणावर ओलं पोतं टाकलं आणि गाडीखाली सरकले. मी बाळाकडे बघायची आणि सिलिंडरच्या काट्याकडे बघायची. बाळाचे ओठ निळसर होते, पण होते तसेच होते. दाब, सोड. दाब, सोड. माझ्या डोक्यात मात्र तीन रिकाम्या बाटल्या होत्या. हे मी केलंय, एवढंच एक वाक्य त्या लयीत फिरत होतं.

मामा गाडीखालून बाहेर आले ते बोटावर एक थेंब घेऊन. तो त्यांनी जिभेला लावला आणि लगेच थुंकले. मागच्या उघड्या दारातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, "लय बिघडू देऊ नका सिस्टर. चालू ठेवा. चांगलं चाललंय."

हिराबाई ओट्यावरून खाली आली होती. मामांनी तिच्याकडे मूठभर हळद आणि अंगाचा साबण मागितला. ती पळत जाऊन घेऊन आली. टाका उकलला होता तिथे मामांनी साबण चोळून भरला. हळद रेडिएटरमध्ये घातली की बारीक फटी बुजतात, ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. एरवी मामा असल्या युक्त्यांना नाक मुरडायचे. हिराबाईने हापसा मारून दोन घागरी भरल्या आणि मग उगाच थांबली.

"मामा, ह्या पान्यात डाळ नाय शिजत."

"आज चालतंय बाई," मामा म्हणाले. "आज चिखल असता तरी ओतला असता."

वीस मिनिटं झाली होती. मामांनी पोत्यावर हात ठेवून बघितला, आणखी दोन मिनिटं थांबले, मग झाकण थोडं सैल करून वाफ जाऊ दिली. इंजिन चालू करून धार बारीक ठेवून पाणी ओतलं, वर दोन कॅन भरून घेतले. बाप येऊन मागे बसला. गाडी निघाली. घाट उतरल्यावर एकदा पाणी घातलं, पुढे आणखी एकदा. मुंबईत शिरलो तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता आणि शेवटची दहा मिनिटं तो तिथेच होता. हॉस्पिटलच्या दारात दुसऱ्या नर्सने माझ्या हातातून फुगा घेतला, तरी माझी बोटं मिटत आणि उघडत राहिली.

बाळ जगलं. ते मोठं झालं, शाळेत गेलं. त्याचा बाप दर दसऱ्याला झेंडूची पाटी घेऊन यायचा, निम्मी मामांना, निम्मी मला. माझ्या वाट्याची फुलं मी घरी कधी नेली नाहीत.

परत आल्यावर चौकशी झाली. इंजिनही गेलं होतं, ते उघडावं लागलं. सेक्रेटरीसाहेबांनी मामांना सगळ्यांसमोर विचारलं, "पाण्यावरून जगाला शहाणपण शिकवता आणि तुमच्याच रेडिएटरमध्ये गंज? काय घातलं होतं त्यात?" मी दाराशी उभी होते. मामा म्हणाले, "गाडी माझ्या ताब्यात होती साहेब. जबाबदारी माझी." मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. मी वॉर्डात निघून गेले.

मामांना अॅम्ब्युलन्सवरून काढलं आणि पंपाच्या खोलीत बसवलं. काम काय, तर मोटार चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. टाकीत पाणी कुठलं, तर बोअरचं. ज्या पाण्याला त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली त्याचीच राखण त्यांच्या वाट्याला आली. नवे लोक त्यांना 'टाकीवाले साळवे' म्हणू लागले. कोणी मुद्दाम डिवचलं की एवढंच म्हणायचे, "भांडी घासायला चांगलं आहे पाणी." कडक इस्त्रीचा शर्ट तसाच राहिला. पळी मात्र मला पुन्हा दिसली नाही.

मी दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी देवळाली कॅम्पला जायची. मामींच्या हातची खीर आणि वरणभात. मामी प्रेमाने वाढायच्या आणि दरवर्षी एकदा तरी म्हणायच्या, "यांच्या हातून अशी चूक होईल असं वाटलं नव्हतं गं मला. फौजेत एक डाग नाही लागला." मामा खाली मान घालून जेवायचे. मीही जेवायची. दरवर्षी बसमध्ये ठरवून जायची की आज सांगायचं, आणि पोटभर जेवून परत यायची. माझ्याइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

मामा निवृत्त झाले. मग एका उन्हाळ्यात त्यांना आमच्याच वॉर्डात आणलं, जुलाब आणि उलट्यांनी पार सुकून गेलेले. त्या दिवशी माझी ड्युटी होती. दुसऱ्या दिवसापासून माझी रजा होती आणि मी परत येईपर्यंत मामी त्यांना घरी घेऊन गेल्या होत्या. पावसाळ्यात ते गेले. त्यामुळे मामा मला दिसले ते त्या दुपारी शेवटचे.

मी सलाइनची बाटली स्टँडला अडकवली, शीर शोधली, सुई लावली. मामांनी डोळे उघडून बाटलीकडे बघितलं.

"हेच का ते?"

"काय, मामा?"

"गाडीत घातलंस ते."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं माझ्याशी अहोजाहो सुटलं होतं. मी खुर्ची ओढून बसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खारट जिभेला कळत नाही होय? आणि त्या कपाटाची चावी कोणाच्या कमरेला असायची?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"रस्त्यात कसा बोलू पोरी? फुगा तुझ्या हातात होता. हात थरथरला असता तुझा."

"आणि नंतर? चौकशीत?"

मामांनी पडणाऱ्या थेंबांकडे बघितलं. "नंतर म्हटलं, तू सांगशील."

तेवढ्यात मामी पेजेचा डबा घेऊन आल्या. "कसल्या गप्पा चालल्यात?" त्यांनी विचारलं. मामांनी तोंड भिंतीकडे वळवलं. उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी गप्प राहिले असते तर तेही गप्प राहिले असते, हे मला नक्की ठाऊक होतं.

"मामी, रेडिएटरमध्ये सलाइन मी ओतलं होतं," मी म्हणाले. "मामांची काही चूक नव्हती. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

मामींनी डबा सावकाश टेबलावर ठेवला. पदराने हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं माझ्या घरी बसून जेवलीस."

मी खुर्चीवरून उठले.

"जेवू दे गं," मामा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "सिस्टर, थेंब जरा हळू कर. हाताला गार लागतंय."

मी नळीवरची चकती फिरवायला गेले. ती एका बोटाने फिरते, पण मला दोन्ही हात लावावे लागले.